झंबील, बटवा आणि हस्तर : अद्भुतकथा लिहिणारे एकमेकांकडून काय घेतात?



आजचा विषय पुस्तकांचा आहे, पण सुरुवात मी एका बंकरपासून करणार आहे. कारण अद्भुतकथा लिहिणारे एकमेकांकडून काय घेतात, किती घेतात आणि घेतल्यावर नाव सांगतात की नाही, या प्रश्नात मी नुसता वाचक नाही. थोडासा आरोपीही आहे.

१९८८-८९चा हिवाळा. मी तेव्हा कॅप्टन होतो, मराठा पलटणीत. आमची कंपनी उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर होती. बर्फ पडला की खालची वाट बंद, टपाल येईल तेव्हा येईल. दिवसा गस्त आणि बर्फ उपसणं, रात्री रॉकेलच्या बुखारीभोवती बसणं. रेडिओची बॅटरी बातम्यांसाठी जपून ठेवायची असायची. अशा वेळी माणसाला गोष्ट लागते. भाकरीसारखी लागते.

माझ्या काळ्या पेटीत नारायण धारपांचं एक पुस्तक होतं. सुट्टीवरून परतताना पुण्यात रद्दीवाल्याकडून घेतलेलं. मुखपृष्ठ गेलेलं, पुढची आठ-दहा पानंही गळालेली. धारपांच्या 'समर्थ' या पात्राच्या गोष्टी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचल्या असतील. वाईट शक्तींशी शांतपणे झुंजणारा, आरडाओरडा न करणारा माणूस. त्यातली एक गोष्ट मी जवानांना सांगितली. फक्त समर्थांच्या जागी एक म्हातारा सुभेदार आणला आणि जुन्या वाड्याच्या जागी इंग्रजांच्या काळातली पडकी चौकी. गोष्ट अशी काही लागू पडली की त्या रात्री पहाऱ्यावर जाणाऱ्या दोघांनी सोबतीला तिसरा मागितला.

दुसऱ्या दिवशी खानापूर तालुक्यातला एक लान्स नाईक मला म्हणाला, "साहेब, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

मी हसून म्हणालो, "सुचली."

हा एक शब्द लक्षात ठेवा. आपण शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

सामान तेच, कारागीर वेगळा

निवृत्तीनंतर मी नोएडात राहतो. दिल्लीच्या आसपास राहण्याचा एक मोठा फायदा म्हणजे इथे दास्तान ऐकायला मिळते. दास्तान म्हणजे तोंडी सांगितली जाणारी, महिनोन् महिने चालणारी अद्भुतकथा, आणि ती सांगणारा तो दास्तानगो. सय्यद अहमद खानांनी दिल्लीच्या इमारतींवर १८४७ साली पुस्तक लिहिलं, त्यात जामा मशिदीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसणाऱ्या दास्तानगोचं वर्णन आहे. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि ही कला जवळजवळ संपली. पुढे २००५ साली शम्सुर्रहमान फारुकी या थोर उर्दू अभ्यासकाच्या प्रेरणेनं महमूद फारुकी यांनी दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये तिचा नव्यानं प्रयोग केला. मी पाहिला तो बऱ्याच नंतरचा एक प्रयोग. पांढरे अंगरखे घातलेले दोघे जण एका तख्तावर बसलेले. नेपथ्य नाही, संगीत नाही. आणि दीड तास आम्ही सगळे एका मायानगरीत.

ती मायानगरी होती 'तिलिस्म-ए-होशरुबा'. अमीर हमजा या वीराच्या कथाचक्रातला हा सर्वांत गाजलेला भाग. हमजाची कथा फार जुनी. अकबर बादशहानं तिची सुमारे १४०० मोठी चित्रं काढून घेतली होती. 'होशरुबा' मात्र खास लखनौची निर्मिती. मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यानं १८८३पासून दहा वर्षांत तिचे खंड काढले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे.

या कथेत अमर नावाचा एक ऐयार आहे. ऐयार म्हणजे आमच्या भाषेत हेर, पण त्यात बहुरूपी, चोर आणि विदूषकही मिसळलेला. अमरकडे एक पिशवी असते, तिचं नाव झंबील. त्या झंबिलीत काय मावत नाही? माणसं, हत्ती, अख्खी शहरं. हवं ते आत टाकावं, हवं ते बाहेर काढावं.

आता लखनौहून बनारसला चला. १८८८ साली देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' प्रसिद्ध झाली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, तिलिस्म आणि ऐयार. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर ती मालिका लागायची तेव्हा आमच्या मेसमध्ये रविवारी सकाळी कोणी जागचं हलत नसे. ही कादंबरी वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले, असं म्हटलं जातं.

'ऐयार' आणि 'तिलिस्म' हे दोन्ही शब्द खत्रींनी दास्तानीतून उचलले, हे उघड आहे. त्यांनी ते लपवलंही नाही. शब्द तसेच ठेवले, म्हणजे वाचकाला वंश लगेच ओळखू यावा. पण त्यांच्या ऐयाराच्या, तेजसिंहाच्या कमरेला झंबील नाही, बटवा आहे. आणि त्या बटव्यात काय आहे? बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायचा लखलखा, वेषांतराचं सामान, दोरी, खंजीर. हत्ती नाही, शहर नाही. जे माणसाला खरोखर बाळगता येईल तेवढंच.

मी पस्तीसेक वर्षं पाठीवर सामान वाहिलेला माणूस. मला हा फरक वाचताक्षणी कळला. झंबील ही कल्पना आहे आणि बटवा हा किट आहे. खत्रींचे तिलिस्मही असेच. दास्तानीत ते जादूनं बांधलेले असतात. खत्रींच्या तिलिस्मात फिरणाऱ्या भिंती आहेत, दाबले की उघडणारे दरवाजे आहेत, भुयारं आहेत. सगळं कळ आणि यंत्र. खत्री चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेकेदार होते. तिथल्या पडक्या गढ्या त्यांच्या पायाखालच्या. त्यांनी दास्तानीतली मायानगरी उचलली आणि ती आपल्या पाहण्यातल्या दगडमातीत बसवली.

ही झाली घेण्याची पहिली तऱ्हा. सामान पूर्वजांचं, काम आपलं. अशा घेण्यानं पूर्वज छोटा होत नाही. उलट 'चंद्रकांता' वाचलेल्या माझ्यासारख्या माणसाला 'होशरुबा'चा पत्ता त्यातूनच लागतो.

या घराण्यात पुढे आणखी एक गोष्ट घडली. खत्रींची 'भूतनाथ' ही कादंबरी १९१३ साली त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिली. ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. वडिलांची अर्धी विणलेली चादर मुलानं त्याच धाग्यानं पुरी करावी, तसं. याहून मोठी आदरांजली काय असते?

नाव कुणाचं सांगायचं?

दास्तानीच्या परंपरेत एक गंमत आहे. आपण चोरी म्हणतो ती कशी असते? दुसऱ्याचं घेऊन आपलं नाव लावणं. दास्तानगो बरोबर उलट करत. स्वतः रचलेलं ते पूर्वजांच्या नावावर टाकत. लखनौच्या छापील हमजाचं मूळ अकबराच्या दरबारातल्या फैजीपर्यंत नेलं जायचं. तशी परंपरेची मोहोर बसली की कथेला वजन येई.

आपल्याला हे अनोळखी नाही. विष्णुदास नामा हे सोळाव्या शतकातले कवी, पण त्यांची रचना संत नामदेवांच्या गाथेत अशी मिसळून गेली की अभ्यासकांना ती निवडून काढावी लागली. आपल्याकडे मोठ्याच्या नामुद्रेखाली स्वतःला विरघळवून टाकणं ही भक्ती मानली गेली.

पण स्वच्छ नाव घेण्याचीही आपली परंपरा तितकीच जुनी आहे, आणि अद्भुतकथेत तर ती थेट महाराष्ट्रात पोचते. लहानपणी 'चांदोबा' वाचलेल्या कुणालाही विक्रम आणि वेताळ माहीत असतात. त्या वेताळाच्या गोष्टी अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर'मध्ये संस्कृतात आणल्या. हा ग्रंथ त्यानं राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी रचला. आणि सुरुवातीलाच त्यानं सांगून टाकलं की ही मूळ कथा गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची आहे, मी ती संक्षेपानं सांगतो आहे.

हा गुणाढ्य कुठला? परंपरा त्याला प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारात बसवते. सोमदेव त्याची हकिगत सांगतो ती अशी : गुणाढ्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्तानं. राजानं ती भाषा हलकी म्हणून नाकारली. मग गुणाढ्य रानात गेला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकत राहिला. प्राणी चरायचं विसरून ऐकत राहिले. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळले होते. उरलेला एक लाख म्हणजे बृहत्कथा.

आज ती बृहत्कथा मूळ रूपात उपलब्ध नाही. पण दंडीनं तिचा उल्लेख केला, बाणभट्टानं तिचं कौतुक केलं, क्षेमेंद्रानं आणि सोमदेवानं ती आपापल्या शब्दांत पुन्हा सांगितली. मूळ पुस्तक हरवलं तरी गुणाढ्य हरवला नाही, याचं कारण एकच. मागून येणाऱ्यांनी नाव घेतलं. मंडळी, नाव घेणं हा नुसता शिष्टाचार नाही. कधी कधी माणसाचं तेवढंच मागे उरतं.

एका नावाचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

आता दुसरी तऱ्हा. इथे कथा घेत नाहीत, फक्त एक नाव घेतात.

२०१८ साली 'तुंबाड' हा चित्रपट आला. राही अनिल बर्वे यांचं दिग्दर्शन, भाषा हिंदी, पण माणसं, वाडा, पाऊस सगळं कोकणातलं. त्यात सोन्याचा आणि धान्याचा हावरा असा एक शापित देव आहे, त्याचं नाव हस्तर. घरात साखळदंडानं बांधलेली एक भयंकर म्हातारी आहे आणि ती उठली की हस्तरचं नाव घेऊन तिला झोपवायचं असतं.

सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ सालच्या कादंबरीवरून. कथानक वेगळं, पण कोकणातल्या त्या नावाला सलाम आहेच. आणि म्हातारीची गोष्ट? ती नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून सुचलेली. बर्वे यांना ती १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं तोंडी सांगितली होती. पुन्हा तेच पाहा : अंधार, जंगल आणि तोंडी सांगितलेले धारप.

धारपांच्या 'आजी'च्या मागे आहे स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची १९८४ सालची 'ग्रॅमा' ही कथा. अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिच्याबरोबर घरात एकटा राहिलेला नातू. त्या मुलाला फोनवरून सांगितलं जातं की आजीला एका विशिष्ट नावाची आण घालून झोपव. ते नाव आहे हस्तुर.

म्हणजे हस्तर आपल्याकडे आला तो इथून? नावातलं आणि प्रसंगातलं साम्य पाहिलं की तसंच वाटतं. पण हस्तुर हा किंगचाही नव्हे. १९३१ सालच्या एका कथेत एच. पी. लव्हक्राफ्टनं ते नाव एका यादीत ओझरतं घेतलं होतं. लव्हक्राफ्टनं ते रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ सालच्या 'द किंग इन यलो' या पुस्तकातून उचललं होतं. आणि चेंबर्सनं ते उचललं अँब्रोज बियर्सच्या १८९१ सालच्या एका छोट्या कथेतून. तिथे हस्तुर कोण आहे माहीत आहे? मेंढपाळांचा एक सौम्य देव! पहाटे उठून एक भोळा मेंढपाळ त्याची प्रार्थना करतो.

बियर्सबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण तो आमच्या बिरादरीतला. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला, पुढे लेफ्टनंट झालेला. त्यानं सहज घडवलेला मेंढपाळांचा देव सव्वाशे वर्षांत हातोहात फिरत कोकणातल्या वाड्यात राक्षस होऊन पोचला. प्रत्येकानं नाव ठेवलं आणि स्वभाव बदलला.

हे लेखक असं का करतात? दोन कारणं. पहिलं, एखादं परकं नाव दुसऱ्या पुस्तकातही दिसलं की वाचकाला वाटतं, हे कुठेतरी खरंच असावं. दोन वेगवेगळ्या टेहळणी चौक्यांनी एकच खबर दिली की आम्ही ती जास्त गांभीर्यानं घेतो, तसंच हे. दुसरं, ती आपसातली ओळखीची खूण असते. लव्हक्राफ्ट आणि त्याचे लेखकमित्र एकमेकांचे काल्पनिक ग्रंथ, काल्पनिक देव मुद्दाम वापरत. रॉबर्ट ब्लॉक नावाच्या तरुणानं १९३५ साली एका कथेत लव्हक्राफ्टसारख्या दिसणाऱ्या पात्राला ठार मारलं, आणि त्याआधी खुद्द लव्हक्राफ्टची परवानगी घेतली! लव्हक्राफ्टनं मजेत परवानगी दिली आणि पुढच्या कथेत 'रॉबर्ट ब्लेक' नावाच्या पात्राला मारून परतफेड केली. हा ब्लॉक म्हणजे पुढे ज्याच्या कादंबरीवर हिचकॉकनं 'सायको' काढला तोच. ही भांडणं नव्हती. पत्रं लिहून एकमेकांना दिलेली टाळी होती.

विरजण आणि दही

आता सर्वांत अवघड तऱ्हा. पूर्ण कथाच घेणं.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी दिल्लीत कॉलेजात होती. दर रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा. आता तो जवळच्या महिला हाटमध्ये भरतो. तिथून तिनं स्टीफन किंगचं 'सेलम्स लॉट' आणलं. मी सहज चाळायला घेतलं आणि पन्नासेक पानांतच थबकलो. ही तर धारपांची 'लुचाई'! पुढे कळलं, 'शपथ' ही त्यांची कादंबरीसुद्धा किंगच्या 'इट'वरून बेतलेली.

मला राग आला. ज्या लेखकानं बर्फातल्या रात्री काढून दिल्या, त्यानं आपल्याला फसवलं असं वाटलं. धारपांची होती नव्हती ती सगळी पुस्तकं मी माळ्यावर टाकली.

आमची ही तेव्हा स्वयंपाकघरात होती. दोन-तीन दिवस माझी चिडचिड ऐकून शेवटी म्हणाली, "अहो, मागच्या आठवड्यात आपलं दही बिघडलं तेव्हा मी शेजारच्या भाभींकडून विरजण आणलं. दूध आपलं होतं, भांडं आपलं होतं. मग दही कुणाचं?"

मी म्हणालो, "आपलं. पण विरजण भाभींचं होतं हे तू मला सांगितलंस."

ती म्हणाली, "मग तुमचं भांडण दह्याशी नाही. सांगण्याशी आहे."

या वाक्यानं माझा गुंता बराच सुटला. मी 'सेलम्स लॉट' आणि 'लुचाई' शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचली. सांगाडा किंगचा आहे, यात शंका नाही. पण धारपांनी अमेरिकेतलं गाव नुसतं भाषांतरित केलं नव्हतं. माणसं कशी बोलतात, संकटात कुणाकडे धावतात, देवघर आणि दिवेलागण यांना आपल्या मनात काय जागा आहे, हे सगळं नव्यानं उभं करावं लागतं. भीती ही घरची असावी लागते. परक्या घरातलं भूत आपल्याला घाबरवत नाही. आणि खुद्द किंगनं 'सेलम्स लॉट' कशातून काढली? ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तून. ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या लहान गावात आला तर काय होईल, या प्रश्नातून ही कादंबरी निघाली, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

मग माझ्या रागाचं काय? रागाला जागा होती, पण मी तो चुकीच्या माणसावर काढला होता. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखकानं काय म्हटलं आहे, ऋण मानलं आहे की नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या पेटीतल्या पुस्तकाची तर पहिली पानंच नव्हती. आणि ज्या पुस्तकांना होती, तिथेही मी ती उलटून थेट गोष्टीवर जायचो.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातला महत्त्वाचा निकाल दिल्लीशी जोडलेला आहे. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५४ साली दिल्लीत रंगमंचावर आलं. प्रांतवादावरचं होतं. दोन वर्षांनी 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. आनंद यांना वाटलं, आपलं नाटक उचललं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली निकाल लागला. न्यायालयानं म्हटलं की कल्पनेवर, विषयावर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, ती कल्पना ज्या रूपात उतरली त्या रूपावर. विषय एक असला तरी दुसऱ्याची मांडणी वेगळी असेल, तर ती नक्कल नव्हे. आनंद खटला हरले.

हा निकाल अद्भुतकथेलाही लागू पडतो. 'ऐयार' कुणाच्या मालकीचा नाही, बटवा मात्र खत्रींचा. पण कायदा फक्त कमीत कमी किती पाळायचं ते सांगतो. नाव घेणं ही त्याच्या वरची पायरी आहे, आणि ती ज्याची त्यानं चढायची असते. ज्ञानेश्वरांसारख्या प्रज्ञेच्या माणसालाही आपण आधीच्यांना वाट विचारत आलो, हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही. सैन्यातही नकाशा कितीही चांगला असला तरी त्या वाटेनं आधी गेलेल्या गाइडचं नाव रिपोर्टमध्ये लिहितातच.

साहेबांची गोष्ट

आता त्या 'सुचली' शब्दाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी एक तरुण माझा पत्ता शोधत घरी आला. गुरुग्रामला नोकरी करतो म्हणाला. खानापूरच्या त्या लान्स नाईकचा मुलगा. वडील हवालदार होऊन निवृत्त झाले होते आणि दोन वर्षांपूर्वी गेले होते. जाण्याआधी म्हणाले होते, दिल्लीकडे गेलास तर साहेबांना भेटून ये.

चहा झाला. फोटो पाहिले. मग तो म्हणाला, "काका, एक सांगू? आमच्याकडे गणपतीत आरती झाली की बाबा दरवर्षी एक गोष्ट सांगायचे. सगळी आळी जमायची. पडकी चौकी आणि म्हातारा सुभेदार. गावात तिला 'साहेबांची गोष्ट' म्हणतात. तुमची गोष्ट."

मंडळी, मला गोळीबारात कधी जेवढं अवघडलं नसेल तेवढं तेव्हा अवघडलं. त्या माणसानं इमानानं माझं नाव घेतलं होतं. तीस वर्षं, दर गणपतीला. नाव घेण्याचं जे काम मी केलं नाही, ते माझ्या जवानानं केलं, आणि मी खोटं सांगितल्यामुळे त्याचं प्रामाणिक ऋण चुकीच्या दारात येऊन पडलं.

मी त्याला खरं सांगितलं. धारप, समर्थ, पुण्याचा रद्दीवाला, सगळं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे ती तुमची नव्हती?" त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मला अजून आठवते. वडिलांच्या आठवणीतला एक भाग मी हिसकावून घेतला की काय, असं वाटलं.

काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्याला म्हणालो, "तुझे बाबा कशी सांगायचे, ती सांग." आणि त्यानं सांगितली. मी ऐकत राहिलो. त्यात एक काळं कुत्रं होतं, जे सुभेदाराच्या मागे दारापर्यंत येतं आणि आत पाऊल टाकत नाही. हे कुत्रं माझ्या गोष्टीत नव्हतं. धारपांच्या गोष्टीतही नव्हतं. शेवटी सुभेदार परत येतो तेव्हा त्याची सावली पडत नाही, हेही आमच्या दोघांचं नव्हतं. ते खानापूरच्या एका हवालदाराचं होतं.

मी त्याला म्हणालो, "कुत्रं तुझ्या बाबांचं आहे. पुढच्या गणपतीत तू सांगशील तेव्हा हेही सांग." माळ्यावरून धारपांची पुस्तकं काढली आणि त्यातलं समर्थकथांचं एक त्याला दिलं. यावेळी पहिली पानं शाबूत असलेलं.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर त्याचा फोन आला. गोष्ट सांगितली, म्हणाला. आधी तिघांची नावं घेतली. लोक म्हणाले, एवढी प्रस्तावना कशाला, गोष्ट सांग.

तर मंडळी, आजचा मुद्दा एवढाच. अद्भुतकथा शून्यातून कुणीच लिहीत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. झंबिलीचा बटवा झाला म्हणून बिघडलं नाही, मेंढपाळांच्या देवाचा हस्तर झाला म्हणूनही नाही. एखादं पुस्तक दुसऱ्यावरून आलं आहे असं कळलं तर माझ्यासारखं लगेच माळ्यावर टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि पाहा, दूध कुणाचं आहे. आणि तुमच्या घरात नातवंडांना गोष्टी सांगणारे कुणी असतील, मग तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला की हैदराबादला, त्यांना एक विनंती करा. गोष्ट सुरू करण्याआधी ती कुणाकडून ऐकली ते सांगायचं. मुलं कंटाळतील, "गोष्ट सांगा" म्हणतील. तरी सांगायचं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.